प्रशिक्षणानंतरची शाळा

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरची महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्या परिचयाची आहे. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झालेली ही संस्था १९०९ मध्ये नाशिकला आली. पिढ्यान् पिढ्या फौजदार इथे घडले. पण कोणत्याही खात्यात प्रशिक्षण संपले की नेमणुकीच्या जागी दुसरी शाळा भरते. तिला अभ्यासक्रम नसतो. 'तिथले पुस्तक तिथेच ठेवा, इथली रीत शिका,' हा तिचा पहिला धडा. शाबासकी कोणाला मिळते, दाद मागायला आलेल्या म्हाताऱ्याला कोणी खुर्ची देते का, हे नवा कर्मचारी पाहतो आणि तसाच घडतो. मला वाटते, ही दुसरी शाळाच अधिक प्रभावी.

ती बदलता येते का? शेजारच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे उदाहरण घ्या. १९८०च्या दशकात तिथले जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची घडी बदलली. कर्मचारी तेच होते. मात्र प्रत्येकाची कागदपत्रे सहा गठ्ठ्यांत लावली गेली: प्रलंबित, प्रतीक्षेतील, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. त्यामुळे आपल्याकडे किती काम तुंबले आहे, हे कारकुनालाच दिसू लागले. तो रजेवर गेला तरी कागद सापडू लागला. 'फाईल मिळत नाही' ही सबब संपली. 'लखिना पॅटर्न' म्हणून ही पद्धत पुढे राज्यभर गेली. मात्र साहेबांनी गठ्ठे पाहणे सोडले, तर पद्धत नुसती कागदावर उरते.

फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, असा कायदाही २००६ पासून आहे. पण वेळ पाळण्याची सवय शेजारच्या टेबलाकडे पाहूनच लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नव्या माणसाबरोबर त्याच्या साहेबांनाही प्रशिक्षणाला बसवा. सहा महिन्यांनी दोघांना विचारा, शिकलेले काय वापरता आले आणि काय अडले?

नाशिककरांसाठी हा जिवाचा प्रश्न आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले. २०२७ मध्ये पुन्हा पर्वण्या आहेत. गर्दीचे नियम वर्गात शिकवता येतील. पण 'साहेब, आता लोक थांबवायला हवेत,' असे बंदोबस्तावरचा हवालदार निःसंकोच म्हणू शकेल आणि साहेब ते ऐकतील, ही सवय मात्र रोजच्या कामातच लागायला हवी.