मुखपृष्ठावरचं पाणी

रेडिओवर बसून फोटोविषयी बोलायचं म्हणजे पंचाईतच. दाखवता काहीच येत नाही. तरी सांगतो. मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगसाठी येणाऱ्यांकरता एक मार्गदर्शक पुस्तिका निघायची होती आणि तिच्या मुखपृष्ठाचा फोटो निवडायचं काम माझ्याकडे आलं.

प्रकाशकांनी पहिल्याच बैठकीत एक फोटो पुढे सरकवला. निळंशार पाणी, तळापर्यंत पोचलेलं ऊन, प्रवाळांची नुसती बाग फुललेली. फोटो झकास, पण तो मालवणचा नव्हताच. आपल्याकडे गड, कोळंब, कर्ली या नद्या-खाड्या गाळ आणून समुद्रात सोडतात. त्यात प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, भरपूर. त्यामुळे पाणी हिरवट, आणि काही मीटरांपलीकडचं सगळं धूसर. हेच प्लवंग खाऊन तारली-बांगडे पोसले जातात, म्हणजे या हिरवेपणाला नावं ठेवायची सोय नाही. पण निळं मुखपृष्ठ बघून आलेला माणूस पाण्यात उतरला की पहिलं काय म्हणेल? ‘फसवलं!’ आणि बोलणी खाईल बिचारा तिथला गाइड.

मग स्थानिक फोटो मागवले. ते पाहताना रंगाचा प्रश्न आला. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सगळ्यांत आधी गिळतं; पाच-सहा मीटर खाली गेलात तरी लाल वस्तू मळकट तपकिरी दिसायला लागते. खरा रंग हवा तर उजेड बरोबर न्यावा लागतो. १९२६ मध्ये लाँगली आणि मार्टिन या दोघांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, तेव्हा पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली होती. आज फ्लॅश हातात मावतो. मात्र आपल्या पाण्यात तो समोरून मारला, की धुक्यात गाडीचे हेडलाइट लावल्यासारखं होतं: पुढ्यातले कण तेवढे उजळतात आणि मासा हरवतो. जाणते छायाचित्रकार फ्लॅश बाजूला, लांब दांड्यावर लावतात आणि माशाच्या अगदी जवळ जातात. आलेल्या फोटोंपैकी बरेच या पांढऱ्या ठिपक्यांनीच बाद झाले. काहींनी संगणकावर लाल रंग इतका चढवला होता, की डायव्हरचा चेहरा होळी खेळून आल्यासारखा दिसत होता. तेही बाजूला ठेवले.

एक फोटो मात्र सगळ्यांना आवडला. तरुण मुलगी, मास्कमागे हसरे डोळे, भोवती माशांचा गराडा आणि तिचा अंगठा दिमाखात वर. मी नको म्हटलं, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता ऐका: पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. जी पुस्तिका आत पान खर्चून हे शिकवणार, तिच्या मुखपृष्ठावर उलटी खूण छापायची? शिवाय तो माशांचा गराडा आपसूक जमलेला नसतो. बहुतेक वेळा कोणीतरी पाव कुस्करून टाकलेला असतो. आणि मुलीचा दुसरा हात होता थेट प्रवाळावर. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण कायदा राहू द्या, प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे आणि नुसत्या हाताच्या दाबानंही त्याला इजा होते. मुखपृष्ठावर जे दिसतं तेच लोक खाली जाऊन करतात. सूचना वाचतो कोण?

शेवटी निवडला तो फोटो पहिल्या नजरेत कोणालाच भावला नव्हता. हिरवट पाणी. एक डायव्हर आडवा तरंगतोय, हात छातीशी घेतलेले, फिन्स तळापासून चांगल्या वर, कुठलीही नळी खाली लोंबत नाही. तोंडाजवळून बुडबुड्यांची माळ वर चाललीये, म्हणजे गडी श्वास रोखून बसलेला नाही. स्कुबातला पहिला धडाच तो. खडकाजवळ अंगावर काळे पट्टे असलेले चार-दोन मासे, डायव्हरकडे ढुंकूनही न बघणारे. वरचा तिसरा हिस्सा रिकामा, त्यामुळे शीर्षकाला ऐसपैस जागा मिळाली. मांडणी करणाऱ्याला तेवढंच हवं होतं.

प्रकाशकांची कुरकुर होतीच, ‘हिरवं पाणी खपत नाही’ म्हणून. त्यांनी अट घातली की सिंधुदुर्ग किल्ला कुठेतरी दिसलाच पाहिजे. तो मलपृष्ठावर दिला. तसाही तो होडीतूनच चांगला दिसतो.