सुटलेले गाव आणि सोबत आलेले शब्द



गाव सुटते तेव्हा त्यातले किती माणसासोबत येते? महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने हा प्रश्न केव्हा ना केव्हा स्वतःला विचारलेला असतो. मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात कविता, कथा आणि छायाचित्र यांविषयी बोलायचे, तर याच प्रश्नापासून सुरुवात व्हावी. त्याचे एक उत्तर मुंबईच्या गिरणगावाने दिले आहे. तिथल्या कित्येकांनी घर सोडले नाही. त्यांच्याभोवतीचे गावच नाहीसे झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे एकेक गिरणी बंद पडली, भोंगे थांबले. कोणी कोकणात परतले, कोणी घाटावर. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज झगमगता मॉल आहे.

या वस्तीला कवितेत आणले ते नारायण सुर्वे यांनी. टाकून दिलेल्या त्या बाळाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलले आणि स्वतःचे नाव दिले. जन्माने न मिळालेले आईबाप त्याला गिरणगावात मिळाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा सुर्व्यांचा पहिला संग्रह आला. १९६६ सालच्या संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले. त्यांचे विद्यापीठ म्हणजे रस्ता, कारखाना आणि माणसे. पुढे ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. पत्नी कृष्णाबाईंनी आत्मकथन लिहिले, त्याचे नाव ‘मास्तरांची सावली’. प्रेम हा शब्द न उच्चारताही दोन शब्दांत संसार कसा मावतो, याचे हे उदाहरण आहे.

सुर्व्यांची कविता या वस्तीचा स्वाभिमान उच्चारते. जयंत पवारांची कथा तिच्या पडझडीचा हिशेब मांडते. गिरणगावातच वाढलेल्या या लेखकाने ‘अधांतर’ नाटकात संपानंतरच्या एका चाळीतल्या घराची वाताहत दाखवली. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या त्यांच्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अडीच लाख हा आकडा वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. कथा त्यातले एकच दार उघडते, आणि रोजगार गेल्यावर घरातल्या माणसांचे एकमेकांशी बोलणेही कसे बदलते, ते ऐकवते.

उरतो चेहरा. तो राखण्याचे काम छायाचित्राचे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. रोज शहर झाडणारी आणि तरीही शहराला न दिसणारी माणसे त्यांनी समोर आणून उभी केली. ती पाहताना नजर चुकवणे कठीण जाते.

परंतु छायाचित्राला एक मर्यादा आहे: ते नाव सांगत नाही. घरोघरीच्या जुन्या अल्बमची हीच गोष्ट. कोपऱ्यात उभी असलेली नऊवारीतली बाई कोण, मागची पडवी कोणत्या गावची, हे सांगणारे माणूस गेले की तो फोटो परक्याचा होतो. पडवी, माजघर, कोनाडा, खळे हे शब्दही गेले, तर फोटोत समोर दिसणारी वस्तूसुद्धा ओळखता येत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेचे मोल इथे कळते. परीक्षेतल्या गुणांपलीकडे ती मुलांना आपल्याच घरचे फोटो वाचण्याची भाषा देते.

म्हणून या वर्षी प्रत्येक घराने एक छोटे काम करावे. जुना अल्बम काढावा, मुलांना आजीजवळ बसवावे आणि प्रत्येक फोटोमागे नाव, गाव आणि साल मराठीत लिहून घ्यावे. अक्षर मुलांचेच असावे. लिहिता लिहिता ती विचारतील, “ही कोण होती? ते गाव का सोडले?” त्या उत्तरातून एखादी कथा निघेल, क्वचित कविताही. न निघाली तरी एक नाव पुसले जाण्यापासून वाचेल. आजी आहे, तोवरच हे व्हायला हवे.