दारातल्या गाडीची राखण
(रेडिओवरील भाषण)

चोराच्या नजरेत भरणारी गाडी म्हटलं की महागडी, चकचकीत मोटार डोळ्यांपुढे येते. जुन्नर-आंबेगावात तशा मोटारी आता काही कमी नाहीत. स्कॉर्पिओ आहे, थार आहे, क्रेटा आहे, मळ्यातल्या एखाद्या बंगल्यापुढे फॉर्च्युनरही उभी दिसते. पण मला आज त्यांच्याइतकंच पिकअपबद्दल बोलायचं आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पोचवणारी, मंचरला कांदा-बटाटा नेणारी, बहुतेक वेळा हप्ते अजून फिटायचे असलेली पिकअप. तिला गिऱ्हाईक कुठेही मिळतं, तिचे सुटे भाग सहज खपतात आणि जुन्या पिकअपला नव्या मोटारीसारखं इलेक्ट्रॉनिक कवच नसतं. २०२३ च्या जुलैत नारायणगावात वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांच्या वर गेला होता. त्याच दिवसांत शेजारच्या शिरूर तालुक्यात घरी आणून ठेवलेले टोमॅटोचे क्रेट रातोरात गेले. क्रेट उचलून नेणारा माणूस त्याच अंगणातली पिकअप पाहत नसेल, असं कोण म्हणेल?

पूर्वी गावठाणात घराला घर लागून असायचं. रात्री कुणाच्या दारात खुट्ट झालं तरी तिसऱ्या घरातला म्हातारा खाकरायचा. आता आपण मळ्यात राहायला गेलो. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांनी शिवार हिरवं झालं, ऊस अगदी अंगणापर्यंत आला. शेजाऱ्याचा दिवा दिसतो, पण हाक पोचत नाही. आणि उसाबरोबर बिबट्या आला. त्याने आपली रात्र कशी बदलली आहे, हे जुन्नर वनविभागातल्या माणसाला मी सांगायला नको. दिवेलागणीनंतर पोरंबाळं आत, दारं बंद. बाहेर आवाज झाला तर दार उघडायचं धाडस होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण गाडी चोरणाऱ्याला नेमकं हेच पथ्यावर पडतं. त्यात अंगणात मोकळा असलेला कुत्रा बिबट्याने नेलेला असतो. मळ्यातला हा सगळ्यात जुना राखणदार कितीतरी घरांनी गमावला आहे, आणि त्याच्या जागी आपण काहीच उभं केलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे गाडी सांभाळणं म्हणजे वेळेचा हिशोब आहे. चोराला अंगणात जास्त वेळ लागला पाहिजे आणि आपल्याला कळायला, कळवायला कमी वेळ लागला पाहिजे. कोणतंही कुलूप शेवटी तुटतं. पण चोराला दोन मिनिटांच्या जागी पंधरा मिनिटं झटावं लागलं, वर उजेड पडला, आवाज झाला, तर तो बहुधा हात काढून घेतो.

आधी चावीबद्दल. बहुतेक घरांत चावी दारामागच्या खुंटीला असते, नाहीतर टीव्हीखाली. कित्येक ठिकाणी तर पिकअपची चावी पिकअपलाच, कारण पहाटे तोडा आहे, ड्रायव्हर चारला येणार, त्याने कुणाला उठवू नये. ही सवय सोडायलाच हवी. ड्रायव्हर आला की घरातलं कुणीतरी उठेल, त्याच्या हातात चावी देईल, एवढं झोपमोडीचं मोल आपण द्यायला हरकत नाही. दुसरी चावी कुठे आहे, हेही आज रात्री शोधा. ती वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नसते. चोरी झाल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते आणि तेव्हा कपाटं उपसण्याची वेळ येते. वॉशिंग सेंटरवर किंवा गॅरेजात गाडी देताना फक्त गाडीची चावी द्या. घर, शेड, गोडाऊन यांचा सगळा जुडगा देऊ नका.

आता बटणावर चालू होणाऱ्या मोटारी. चावी खिशात असली तरी दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन चालू होतं. यात घडतं काय, ते समजून घेऊ. गाडी एक मंद हाक देत असते. ती हाक हात-दोन हातांवरच ऐकू येते. चावी जवळ असेल तर ती ओळखीचं उत्तर देते आणि गाडी उघडते. चोर दोघं येतात. एक जण यंत्र घेऊन घराच्या दाराशी किंवा खिडकीशी उभा राहतो, दुसरा तसंच यंत्र घेऊन गाडीजवळ. गाडीची हाक ही यंत्रं उचलून आतल्या चावीपर्यंत पोचवतात, चावीचं उत्तर परत गाडीपर्यंत नेतात. गाडीला वाटतं, मालक शेजारीच उभा आहे. काच फुटत नाही, सायरन वाजत नाही. आपल्या खोडदला आणि आसपास पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपत बसल्या आहेत. लहर कितीही क्षीण असली तरी ती पकडून मोठी करता येते, हे जीएमआरटी नावाच्या या दुर्बिणीच्या सावलीत राहणाऱ्यांना पटवून द्यायला नको. उपाय साधा आहे. चावी दाराजवळ, खिडकीजवळ ठेवू नका. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तो डबा हातात धरून गाडीपाशी उभे राहा. तरीही दार उघडलं तर डबा कुचकामी, दुसरा शोधा. काही गाड्यांत खिशातल्या चावीने उघडण्याची ही सोय बंद करता येते. शोरूममध्ये विचारून घ्या.

चोरीची दुसरी तऱ्हा अशी, की काच फोडायची, स्टेअरिंगखालच्या ज्या जोडणीला मेकॅनिक गाडी तपासायचं यंत्र लावतो तिथे आपलं यंत्र लावायचं आणि गाडीला नवी चावी ओळखायला लावायची. त्या जोडणीला कुलूप बसवता येतं. त्याहून मला भरवसा वाटतो तो लपवलेल्या कट-ऑफ स्विचचा. डिझेल पंपाचा किंवा स्टार्टरचा पुरवठा तोडणारा छोटा स्विच चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या माणसाला विचारा, वायरिंगला हात लागला तर पुढे अडचण होते. जुन्या पिकअपला मात्र यासारखी दुसरी स्वस्त राखण नाही. डिझेलचा पुरवठा तोडलेला असला की चोर वायर जोडून सेल मारत राहतो, इंजिन लागत नाही, रात्रीच्या शांततेत तो आवाज घरात येतो. स्टेअरिंगला लावायचा लोखंडी दांडा जुन्या पद्धतीचा वाटतो, पण काचेतून तो दिसला तरी चोराचा विचार बदलतो. नुसता हँडब्रेक ओढून ठेवू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा, पुढची चाकं वळवून ठेवा, म्हणजे ढकलत रस्त्यापर्यंत नेणं किंवा टोचन करून ओढणं सोपं जात नाही.

काही जण पिकअपच्या मागे रात्री ट्रॅक्टर आडवा लावतात. कल्पना उत्तम आहे, पण जुन्या ट्रॅक्टरना एकमेकांच्या चाव्या लागतात, तेव्हा ट्रॅक्टरची बॅटरीही सोडवून ठेवा. आणि इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मळ्यातली गाडी हीच त्या वस्तीची रुग्णवाहिका असते. घोणस चावली, बाळंतिणीला कळा सुरू झाल्या, म्हाताऱ्याच्या छातीत दुखलं, तर तीच गाडी नारायणगाव किंवा मंचर गाठते. म्हणून आपण केलेला बंदोबस्त घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारात, घाईत, एका मिनिटात सोडवता आला पाहिजे. स्विच कुठे आहे, दांड्याची चावी कुठे आहे, हे घरातल्या बाईला माहीत नसेल तर तो बंदोबस्त चोरापेक्षा आपल्यालाच अडवेल. एकदा घरच्या सगळ्यांना बोलावून करून दाखवा.

उजेडाचं सांगायचं तर बिबट्यासाठी वनखातं जे सांगतं, तेच इथेही लागू आहे. अंगणात दिवा हवा. हालचाल झाली की लागणारा सौर दिवा वीज नसतानाही चालतो. कॅमेरे पुष्कळांनी बसवले आहेत, पण वीज गेली की ते आंधळे होतात. कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डिंगचा डबा इन्व्हर्टरवर घ्या. डबा बैठकीत टीव्हीशेजारी नको, चोर तोही घेऊन जातात. कॅमेरा पार छपराच्या टोकाला लावला तर टोपीचा माथा दिसतो, चेहरा दिसत नाही. एक तरी कॅमेरा वाटेच्या तोंडाशी, गाडीचा नंबर वाचता येईल इतका खाली असावा.

जीपीएस यंत्र बसवणारे ते ठरावीक जागी बसवतात आणि चोर आधी तिथेच हात घालतात. वेगळी जागा सुचवा. त्यातल्या सिमची मुदत संपलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो, तेव्हा दर महिन्याला गाडी नकाशावर दिसते का, ते पाहा. माळशेज घाटाकडे किंवा भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात रेंज जाते. तिथे यंत्र गप्प होईल, घाबरू नका, रेंज आली की ते पुन्हा ठावठिकाणा सांगतं. तो ठावठिकाणा पोलिसांना द्या. तरुण पोरांनी दोन दुचाक्या काढून पाठलाग करायचा नाही.

आणि तरीही गाडी गेलीच, तर? नकाशा डोळ्यांपुढे आणा. आळेफाट्यावर पुणे–नाशिक रस्त्याला कल्याण–अहिल्यानगर रस्ता छेदतो. तिथे पोचलेल्या गाडीला चार दिशा मोकळ्या. नारायणगावच्या आसपासच्या मळ्यातून निघालेली गाडी रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने किती लवकर तिथे पोचते, ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी चहा झाल्यावर, भावकीशी बोलल्यावर, फायनान्सवाल्यांनी तर ओढून नेली नाही ना अशी चौकशी केल्यावर आपण पोलिस ठाण्यात जातो, तोवर गाडी जिल्ह्याबाहेर असते. कळल्याबरोबर ११२ लावा. ज्या गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणेत नाव नोंदवलं आहे, तिथे एका फोनवर बोललेला निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर तुमच्याच आवाजात जातो. तो फोन लगेच करा. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग चोराने काढला नसेल, तर टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज मालकाच्या मोबाइलवर येतो. नाका कोणता, वेळ कोणती, सगळं त्यात असतं. तो मेसेज पोलिसांना दाखवा.

तक्रार कुठे द्यायची, यावरून आपल्याकडे फार वेळ जातो. ओतूर की आळेफाटा, मंचर की घोडेगाव, हद्द कुणाची? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात खबर देता येते, आणि नोंदवलेल्या खबरीची प्रत तुम्हाला फुकट मिळायला हवी. तीच खबर ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. नव्या भारतीय न्याय संहितेत माल किंवा माणसं वाहणाऱ्या वाहनाच्या चोरीला ३०५ व्या कलमात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंतच आहे. पिकअप गेली असेल तर फिर्यादीत तिचा वापर कशासाठी होत होता, ते स्पष्ट लिहायला सांगा.

विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. उशीर झालाच, तर हताश होऊ नका. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२० मध्ये एका ट्रॅक्टरच्या चोरीचं प्रकरण आलं होतं. मालकाने पोलिसांत त्याच दिवशी गुन्हा नोंदवला होता, विमा कंपनीला मात्र बावन्न दिवसांनी कळवलं होतं. पोलिसांकडे तातडीने गेलेल्या माणसाचा खरा दावा तेवढ्या कारणावरून नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. २०२३ मधल्या दुसऱ्या निकालात ड्रायव्हर ट्रकलाच चावी ठेवून खाली उतरला होता. तिथे दाव्याच्या पंचाहत्तर टक्के रक्कम मिळाली. म्हणजे चावीच्या निष्काळजीपणाने पाव रक्कम गेली. तपास लागला नाही तर पोलिस न्यायालयात ‘अ’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही. विमा कंपनी त्या कागदासाठी अडून बसते, तेव्हा त्याचा पाठपुरावा सोडू नका. मूळ आरसी बुक आणि विम्याचे कागद गाडीत ठेवू नका. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं रस्त्यावर दाखवायला चालतात.

चोरलेली गाडी शेवटी कुणीतरी विकत घेतं, आणि तो घेणारा पुष्कळदा आपल्यासारखाच शेतकरी असतो. हंगाम तोंडावर आहे, पिकअप हवी आहे, कुणीतरी सांगतं की अमक्याकडे स्वस्तात आहे, कागद महिन्याभरात होतील. तो सौदा करू नका. आधी ऑनलाइन गाडीची नोंद उघडा आणि तिथल्या चॅसी नंबरचे शेवटचे आकडे, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. नंबर चॅसीच्या पट्टीवर ठोकलेला असतो. हात काळे करा, मळी कापडाने पुसा, मोबाइलचा दिवा धरा. आकडा घासलेला, एखादा ओळीबाहेर गेलेला किंवा भोवती ताजं वेल्डिंग दिसलं तर विसार देऊ नका. नंबरप्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक आहे का, प्लेट न उघडणाऱ्या कुलपाने बसवली आहे का, की साध्या स्क्रूवर आहे, तेही पाहा. शंका आली तर गाडीचा फोटो काढा आणि गावात चर्चा करण्याआधी पोलिस ठाण्यात नेऊन दाखवा. तिचा खरा मालक कदाचित पलीकडच्या तालुक्यात तिचेच हप्ते फेडत असेल.