उतारावरच्या सौरप्रकल्पाचं गणित



दर वर्षी मे महिन्याच्या मध्यास पुण्यात भर दुपारी आपली सावली पायाखाली गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणून मुलं गच्चीवर काठी उभी करून बसतात. त्या क्षणापुरता जमिनीचा उतार कसा आहे, याने काही बिघडत नाही. बाकी सगळ्या वेळी बिघडतं, आणि आज मला बोलायचं आहे ते त्याविषयी.

शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी म्हणून आपल्याकडे गावोगाव सौरप्रकल्प उभे राहत आहेत. त्यांना सपाट काळी जमीन कुणी देणार नाही, देऊही नये. मग उरतं ते माळरान, मुरमाड टेकडी, ओढ्याकडे उतरत गेलेलं पडीक रान. जमीन अशी चढउताराची, आणि वर्षाला किती युनिट मिळतील हा हिशेब मात्र सपाट पृष्ठभाग धरून केलेला, असं झालं की पहिल्या वर्षापासूनच आकडे जुळेनासे होतात.

पॅनेल स्थिर असतील तर ओळी पूर्व-पश्चिम असतात आणि पॅनेलचं तोंड दक्षिणेला. 22 डिसेंबरला पुण्यात, सूर्य माथ्यावरून जाण्याच्या तीन तास आधी, दोन मीटर उंचीवरच्या कडेची सावली सपाट जमिनीवर उत्तरेकडे सुमारे 2.4 मीटर पोहोचते. तीच जमीन उत्तरेकडे 10 अंशांनी उतरत असेल तर आडव्या मापाने 3 मीटर, आणि दक्षिणेकडे उतरत असेल तर 2 मीटरच्या आत. म्हणजे एकाच टेकडीच्या दोन अंगांना दोन ओळींमधलं अंतर वेगवेगळं ठेवायला हवं.

ट्रॅकर असेल तर प्रश्न जास्त नाजूक होतो. ट्रॅकरचा आस उत्तर-दक्षिण असतो आणि पॅनेल सकाळी पूर्वेकडून संध्याकाळी पश्चिमेकडे वळत जातं. सूर्य खाली असताना पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडू नये म्हणून ते मुद्दाम थोडं आडवं होतं. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. ओळींमधलं अंतर पॅनेलच्या रुंदीच्या अडीच पट धरलं, तर सपाट जमिनीवर सूर्य सुमारे 24 अंशांच्या खाली असताना हे करावं लागतं. आता जमीन पश्चिमेकडे 5 अंशांनी उतरती आहे असं समजा, म्हणजे 100 मीटरला पावणेनऊ मीटर. डोळ्याला हा उतार फारसा जाणवतही नाही. पण विषुवदिनाच्या सुमारास सकाळी बॅकट्रॅकिंग 29 अंशांपर्यंत चालू ठेवावं लागतं आणि संध्याकाळी ते 19 अंशांखाली सुरू झालं तरी चालतं. नियंत्रकाला उतार सांगितलेलाच नसेल, तर सूर्योदयानंतरचे जवळजवळ दोन तास खालच्या अंगाची ओळ वरच्या ओळीच्या सावलीत राहते. संध्याकाळी मात्र सावलीची भीती नसतानाही पॅनेल उन्हापासून तोंड फिरवून घेतं. नुकसान दोन्हीकडे.

सावली वीतभर पडली तर वीजही वीतभरच कमी होईल, असं वाटतं. तसं होत नाही. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात; पाइपलाइन एका जागी दबली की पुढचं सगळं पाणी अडतं, तसाच प्रवाह अडतो. पॅनेल उभं बसवलेलं असेल आणि सावली खालच्या कडेवर आडवी पडली, तर सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह नेणाऱ्या तिन्ही बायपास डायोडचे भाग एकदम सापडतात आणि जुन्या धाटणीचं अख्खं पॅनेल जवळजवळ थंडावतं. अर्ध्या कापलेल्या सेलच्या नव्या पॅनेलमध्ये वरचा अर्धा भाग चालू राहतो. म्हणून सावलीची भूमिती आणि विजेची जोडणी या दोन्ही गोष्टी एकाच मॉडेलमध्ये बसवाव्या लागतात.

हे गणित कुणाच्या तिजोरीत बंद नाही. 2020 मध्ये केविन अँडरसन आणि मार्क मिकोफस्की यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या अहवालात उताराचा विचार करणाऱ्या बॅकट्रॅकिंगची सूत्रं मांडली. पीव्हीलिब या मुक्त प्रणालीत ती आज कुणालाही फुकट वापरता येतात.

खरी अडचण मोजणीची आहे. उपग्रहावरून किंवा 2000 सालच्या अंतराळयान मोहिमेतून मिळालेले उंचीचे फुकट नकाशे साधारण 30 मीटरच्या चौकोनांचे असतात. पावणेसहा मीटरवर एक ओळ धरली तर एका चौकोनात पाच ओळी बसतात आणि त्या पाचांना मिळून उंचीचा एकच आकडा! दूरच्या डोंगरामागे सूर्य कधी जातो हे सांगायला तो नकाशा पुरतो. दोन ओळींमधली सावली त्यातून कळणार नाही. तिथे ड्रोनने किंवा टोटल स्टेशनने केलेलं मोजमापच हवं.

यावर सोपा उपाय म्हणून जेसीबी लावून टेकडी सपाट करतात. मला हे घातक वाटतं. वरचा मातीचा थर सुटला की आपल्या पावसात तो ओढ्याला जातो आणि खांबांचे पाय उघडे पडतात. जपानमध्ये जुलै 2018 च्या अतिवृष्टीत कोबे शहरात उतारावरचे पॅनेल घसरले, तेव्हा शेजारची शिंकान्सेन रेल्वे थांबवावी लागली होती. मॉडेल नीट केलं तर उतार आहे तसा ठेवून ओळी आखता येतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे.

इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या गावात असा प्रकल्प येणार असेल, तर ग्रामसभेत उठून तीन गोष्टी मागा: जमिनीचा समोच्च नकाशा, कोणत्या महिन्यात कोणत्या तासाला किती सावली पडेल याचा तक्ता, आणि पावसाचं पाणी कुठून वाहून जाईल याचा आराखडा. हे तिन्ही कागद खांब रोवण्याआधी तयार असायला हवेत.