मसुरीचे ‘सॅव्हॉय’

इ. स. १९०० मध्ये आगगाडी डेहराडूनपर्यंत पोचली. पण वर मसुरीला जावयाचे तर डोंगराची चढण होतीच. पियानो, बिलियर्डची मेजे आणि मद्याची पिंपे राजपूरहून बैलगाड्यांनी ती चढण चढली, आणि १९०२ साली ‘सॅव्हॉय’ हॉटेल उघडले. लखनौचे बॅरिस्टर लिंकन हे त्याचे संस्थापक. जागा पूर्वी मॅडॉक यांच्या शाळेची. शाळेच्या जागी नाचघर उभे राहिले हे शिक्षकाच्या मनाला थोडे लागते. पण ते असो.

१९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात इमारतीची हानी झाली. १९०७ मध्ये ती सावरली.

अफगाण युद्धानंतर तहाच्या वाटाघाटींसाठी आलेले काबूलचे वकील १९२० साली ह्याच हॉटेलात उतरले होते. आजारी आई व पत्नी यांना घेऊन जवाहरलाल नेहरूही तेथेच राहत होते. वकिलांशी त्यांची ओळखदेखील नव्हती. तरी ‘ह्या मंडळींशी संबंध ठेवणार नाही’ असे वचन सरकारने त्यांच्याकडे मागितले. नेहरूंनी ते नाकारले, आणि जिल्हा सोडण्याचा हुकूम झाला. ते अलाहाबादेस परतले. जूनच्या आरंभी प्रतापगडचे सुमारे दोनशे किसान पायी तेथे आले. त्यांचे पुढारी बाबा रामचंद्र, फिजी बेटात गिरमिट भोगून आलेले आपले मराठी गृहस्थ! त्यांच्या आग्रहावरून नेहरू खेड्यांत गेले आणि शेतकऱ्यांचे दैन्य त्यांनी जवळून पाहिले. हद्दपारी सुमारे दोन आठवड्यांनी उठली. नेहरू मसुरीस पोचले, तेव्हा हॉटेलच्या अंगणात त्यांची चिमुकली इंदिरा एका अफगाणाच्याच कडेवर होती!

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, हॉटेलची रया गेली. ह्या शतकाच्या आरंभी नव्या मालकांनी ते घेतले, दुरुस्त केले, आणि आयटीसीच्या हॉटेलमालिकेत त्याचा समावेश झाला. जुना बाह्याकार त्यांनी मोडला नाही, हे चांगले केले. पाडून नवे बांधणे कदाचित स्वस्त पडले असते.

मात्र सॅव्हॉयची ख्याती आहे ती भुताची! १९११ मध्ये फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म नावाची बाई येथे विषप्रयोगाने मरण पावली. तिच्या गोष्टीला प्रवासी फार भुलतात. माझ्या हाती असते, तर नेहरूंना दिलेला तो हुकूमच चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला असता, आणि त्याखाली बाबा रामचंद्रांचे नाव लिहिले असते.