सासूबाईंचा हात का थरथरतो?

पारनेरला आमच्या बचत गटात सासूबाईंच्या थरथरत्या हाताचा विषय निघाला, की आम्ही म्हणायचो, "वय झालं." पण तो कंपवातही असू शकतो. दूध नासलं की गुठळ्या होतात ना? तशाच या आजारात मेंदूच्या पेशींत अल्फा सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. मुंबईत पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक समीर माजी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की हे प्रथिन आधी पातळ थेंबांत गोळा होतं, मग थेंब हळूहळू घट्ट होतात. ते वेळीच अडवता यावेत, यासाठी शास्त्रज्ञ झटताहेत. आजच्या गोळ्यांनी हालचाल सुधारते, आजार मुळातून जात नाही. म्हणून सासूबाईंच्या हातून कप निसटला तर रागावू नका. डॉक्टरांना दाखवा. गोळी वेळेवर द्या, स्वतःहून बंद करू नका.