लोकरीतली फाशी



गुरांची फाशी, म्हणजे डॉक्टरांचा अँथ्रॅक्स, खेड्यात कोणाला ठाऊक नाही? पण जन्मात गुराला हात न लावलेल्या गिरणी-कामगारालाही हा रोग गाठतो. इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथे परदेशी लोकरीचे गठ्ठे फोडताना धूळ छातीत जाई आणि धडधाकट माणूस चार दिवसांत मरे. १८८० च्या सुमारास डॉ. बेल यांनी दाखवून दिले की, हीच ती फाशी! रोगी जनावराचे रक्त लोकरीला लागलेले असते. त्यातले रोगबीज वाळले तरी वर्षानुवर्षे जिवंत राहते.

आधी नियम झाले: वारा खेळवा, हात धुवा. माणसे मरतच राहिली. पुढे डॉ. युरिक यांच्या संशोधनावरून १९१९ साली कायदा झाला, आणि १९२१ पासून धोक्याची लोकर लिव्हरपूल बंदरातच निर्जंतुक होऊ लागली.

कामगाराला ‘जपून राहा’ सांगणे स्वस्त असते. माल निर्दोष करणे महाग. पण जीव वाचतो तो दुसऱ्यानेच.

आपल्याकडेही गुरांना वेळेवर लस टोचा. फाशीने मेलेले जनावर न सोलता खोल पुरा. मात्र, सोलणाऱ्या गरिबाच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई समाजाने केली पाहिजे. नाहीतर तो रात्री जाऊन ते उकरणारच!